एअर इंडियाच्या केबिन कर्मचाऱ्यांचे सेवाशर्तीविषयक वाद

एअर इंडिया या भारतीय विमान कंपनीतील हवाई सेविका, पर्सर आणि इतर केबिन कर्मचारी यांचे निवृत्तिवय, विवाह, गरोदरपण, बढती व समान वागणूक या प्रश्नांवरून १९६०च्या दशकापासून २०११पर्यंत जे खटले, निवाडे व करार झाले, त्यांचा परिचय या लेखात आहे. या वादांत सर्वाधिक प्रसिद्ध खटला म्हणजे ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा’ (१९८१). हवाई सेविकेची नोकरी पहिल्या गरोदरपणाबरोबर संपवणारा नियम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. कंपनीचे मुख्यालय दीर्घकाळ मुंबईत असल्याने यांतील महत्त्वाचे खटले मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले. वादाचे स्वरूप व्यवस्थापन विरुद्ध कामगार एवढेच राहिले नाही. अनेक प्रसंगी पुरुष कर्मचारी, कामगार संघटना आणि परदेशात भरती झालेले कर्मचारी यांचे हितसंबंध परस्परांविरुद्ध उभे राहिले.

संज्ञा आणि हुद्दे

मराठीत या व्यवसायासाठी ‘हवाई सुंदरी’ हा शब्द अनेक वर्षे रूढ होता आणि बोलण्यात तो अजूनही टिकून आहे. ‘हवाई सेविका’, ‘विमान परिचारिका’ हे त्याचे पर्याय. अलीकडे वृत्तपत्रांतून ‘केबिन क्रू’ किंवा ‘केबिन कर्मचारी’ असे लिहिले जाते. ‘सुंदरी’ हा शब्द भाषेतील एक लकब म्हणून सोडून देता आला असता. परंतु पुढे येणाऱ्या न्यायाधिकरणांच्या निवाड्यांत नेमका हाच प्रश्न होता, की या बाईला पगार कशाचा मिळतो, कामाचा की रूपाचा? पुरुष कर्मचाऱ्यासाठी असा शब्द मराठीत कधीच तयार झाला नाही, हेही नोंदवण्यासारखे आहे.

‘पर्सर’ हा हुद्दा जहाजांवरून विमानात आला. जहाजावरील पर्सर हिशेब आणि उतारूंची व्यवस्था पाहत असे. विमानातील स्वयंपाकघराचे ‘गॅली’ हे नावही जहाजावरचेच. एअर इंडियात पुरुषांची शिडी सहायक फ्लाइट पर्सर, फ्लाइट पर्सर आणि इन-फ्लाइट सुपरवायझर अशी होती. स्त्रियांची शिडी वेगळी होती: एअर होस्टेस, चेक होस्टेस, उपमुख्य होस्टेस व त्यावरील मुख्य होस्टेसची पदे. एकाच विमानात, एकाच उतारूंसाठी, बव्हंशी तेच काम करणारे हे दोन संवर्ग होते. त्यांची भरती, वेतनश्रेणी, बढती आणि निवृत्ती मात्र स्वतंत्र होती. जवळजवळ सर्व खटल्यांचे मूळ या दोन शिड्यांत आहे.

कामाचे स्वरूप

उतारूंना दिसते ते जेवण, चहा आणि घोंगड्या देण्याचे काम. नियमांच्या दृष्टीने केबिन कर्मचारी विमानात असतो तो सुरक्षेसाठी. भारतात किती आसनांमागे किती कर्मचारी हवेत हे विमान वाहतुकीच्या नियमांनी ठरवलेले आहे आणि तेवढे कर्मचारी नसतील तर विमान उतारू घेऊन निघू शकत नाही. जेवण वाढायला माणसे कमी पडली तर उड्डाण रद्द होत नाही, दार उघडायला माणूस नसेल तर होते, यावरून कामाचा खरा क्रम कळतो.

उड्डाणापूर्वी कर्मचाऱ्यांची बैठक होते. प्रत्येकाला दार व जागा नेमून दिली जाते. प्राणवायूच्या नळ्या, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी आणि जीवरक्षक जाकिटे तपासली जातात. दारे बंद झाल्यावर निसटण्याच्या घसरगुंड्या कार्यान्वित केल्या जातात, म्हणजे संकटकाळी दार उघडताच घसरगुंडी आपोआप फुगते. नव्या प्रकारच्या मोठ्या विमानाला मान्यता मिळवताना निम्म्याच दारांचा वापर करून सर्व उतारूंना ९० सेकंदांत बाहेर काढता येते, हे दाखवावे लागते. हा हिशेब प्रशिक्षित कर्मचारी गृहीत धरूनच केलेला आहे. याशिवाय आग विझवणे, हृदयविकाराच्या झटक्यात प्रथमोपचार, मद्यधुंद उतारूला आवरणे आणि क्वचित प्रसूतीत मदत हीही कामे याच लोकांवर येतात.

या व्यवसायाचा आरंभ पुरुषांपासून झाला. १९१२मध्ये जर्मनीतील झेपेलिन हवाई जहाजावर काम करणारा हाइनरिश कुबिस हा पहिला विमान सेवक मानला जातो. पहिली हवाई सेविका एलन चर्च ही व्यवसायाने परिचारिका होती; ती १५ मे १९३० रोजी अमेरिकेतील बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानातून गेली. लोकांना विमानाची भीती वाटत असे आणि परिचारिका सोबत असली की धीर येईल, असा कंपनीचा विचार होता. स्त्रिया आल्या त्याबरोबर अटीही आल्या: अविवाहित असणे, ठरावीक वजन, ठरावीक वय. या अटी पुढे जगभरच्या कंपन्यांनी उचलल्या.

१९८१पूर्वीची स्थिती

टाटा एअरलाइन्सचे १९४६मध्ये एअर इंडिया असे नामांतर झाले आणि ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनकडे प्रयाण केले. १९५३च्या एअर कॉर्पोरेशन्स अधिनियमाने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. परदेशी उड्डाणे एअर इंडियाकडे आणि देशांतर्गत उड्डाणे इंडियन एअरलाइन्सकडे आली. या बदलाचा एक परिणाम पुढे फार महत्त्वाचा ठरला. सरकारी महामंडळ झाल्यामुळे कंपनीचे सेवानियम राज्यघटनेच्या कसोटीवर तपासता येऊ लागले. खासगी कंपनीविरुद्ध हा मार्ग उपलब्ध नसतो.

हवाई सेविकांच्या निवृत्तिवयाचा प्रश्न प्रथम न्यायमूर्ती गो. दा. खोसला यांच्या राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणापुढे आला (१९६५). तरुण व आकर्षक सेविका अवघड प्रसंग आणि विचित्र स्वभावाचे उतारू अधिक सहजतेने हाताळते, म्हणून तिचा वर्ग वेगळा आहे, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. न्यायाधिकरणाने ते बहुतांशी मान्य केले. पुढे महेश न्यायाधिकरणापुढेही (१९७२) हे प्रश्न आले.

१९७६मध्ये समान वेतन अधिनियम आला. त्याच्या १६व्या कलमानुसार केंद्र सरकारला असे जाहीर करता येत होते, की एखाद्या ठिकाणचा वेतनातील फरक स्त्री-पुरुष भेदामुळे नाही. १५ जून १९७९ रोजी सरकारने हवाई सेविका व फ्लाइट पर्सर यांच्याबाबत तसे जाहीर करून टाकले. समानतेसाठी केलेल्या कायद्याचा आधार घेऊनच विषमता कायदेशीर ठरली. या घोषणेचा उल्लेख पुढील निकालांत वारंवार आला आणि प्रत्येक वेळी तो सेविकांच्या विरोधात गेला.

याच काळात अन्यत्र वारे बदलले होते. अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतर विवाह व वयाच्या अटी एकामागून एक कोसळल्या. १९७१मध्ये पॅन ॲम कंपनीने नोकरी नाकारलेल्या एका पुरुषाच्या खटल्यात तेथील अपील न्यायालयाने म्हटले, की विमान कंपनीचे मुख्य काम उतारूंना सुरक्षित पोहोचवणे हे आहे. उतारूंना स्त्रियांकडून सेवा आवडते हे पुरुषांना नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. खोसला निवाड्यातील युक्तिवादाला हे जणू थेट उत्तर होते, यद्यपि दोन्ही खटल्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. बेल्जियमच्या सबेना कंपनीतील सेविका गाब्रिएल दफ्रेन हिला वयाच्या ४०व्या वर्षी नोकरी सोडावी लागली होती. तिच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने ८ एप्रिल १९७६ रोजी समान वेतनाचा हक्क थेट बजावता येतो असा ऐतिहासिक निर्णय दिला. पण वयाच्या अटीवरचा तिचा दावा त्याच न्यायालयाने १९७८मध्ये फेटाळला.

नर्गेश मिर्झा खटला

एअर इंडियाच्या सेवा विनियमांतील ४६व्या विनियमानुसार हवाई सेविकेची नोकरी पुढीलपैकी जे आधी घडेल तेव्हा संपत असे: वयाची ३५ वर्षे पूर्ण होणे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह होणे किंवा पहिले गरोदरपण. ४७व्या विनियमानुसार व्यवस्थापकीय संचालक स्वतःच्या मर्जीने एकेक वर्षाची मुदतवाढ देत ही सेवा ४५व्या वर्षापर्यंत नेऊ शकत असे. त्याच विमानातील पर्सर ५८व्या वर्षी निवृत्त होई आणि त्याच्या विवाहाशी किंवा मुलाबाळांशी कंपनीला कर्तव्य नव्हते. इंडियन एअरलाइन्समधील नियमही याच धर्तीचे होते.

नर्गेश मिर्झा व इतर सेविकांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ती सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाली आणि न्यायमूर्ती मुर्तझा फजल अली, ए. वरदराजन व ए. एन. सेन यांच्या खंडपीठाने २८ ऑगस्ट १९८१ रोजी निकाल दिला. निकालपत्र फजल अली यांनी लिहिले.

सेविकांचा मुख्य मुद्दा समानतेचा होता. काम एकच असेल तर पर्सरला एक नियम आणि सेविकेला दुसरा, हे घटनेच्या १४, १५ व १६ या अनुच्छेदांविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. भरतीची पात्रता, वेतनश्रेणी, बढतीच्या संधी आणि सेवाशर्ती हे सर्व निराळे असल्याने सेविका हा स्वतंत्र वर्ग आहे, असे न्यायालयाने ठरवले. स्त्री म्हणून भेदभाव करण्यास घटनेची मनाई आहे, ती ‘केवळ’ स्त्री म्हणून केलेल्या भेदभावाला. येथे इतरही कारणे आहेत, असा अर्थ लावला गेला. या विवेचनावर नंतरच्या काळात कायद्याच्या अभ्यासकांनी पुष्कळ टीका केली आहे आणि ती गैरवाजवी नाही. दोन वर्गांतील जे फरक कंपनीने स्वतः निर्माण केले, तेच फरक वर्ग वेगळे असल्याचा पुरावा म्हणून स्वीकारले गेले.

तीन अटींचे निकाल तीन प्रकारे लागले. विवाहाची अट न्यायालयाने कायम ठेवली. मुलगी १९ ते २६ या वयात नोकरीला लागते, चार वर्षांत तिला परिपक्वता येते, कुटुंबनियोजनास मदत होते आणि प्रशिक्षणावर झालेला कंपनीचा खर्चही वाया जात नाही, अशी कारणे देण्यात आली. ३५ वर्षांचे निवृत्तिवयही टिकले. परंतु मुदतवाढ देण्याचा व्यवस्थापकीय संचालकाचा अनिर्बंध अधिकार मनमानीला वाव देणारा म्हणून रद्द झाला. कुणाला एक वर्ष द्यायचे आणि कुणाला दहा, याला कसलाच निकष नव्हता.

गरोदरपणाच्या अटीवर मात्र न्यायालयाची भाषा अत्यंत कठोर झाली. सेविकेला चार वर्षांनंतर विवाहाची परवानगी द्यायची आणि तिला दिवस गेले की घरी पाठवायचे, हे क्रौर्य आहे आणि भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असे मत निकालपत्रात आहे. मूल झाल्यावर स्त्री कामास असमर्थ होते याला वैद्यकीय आधार नसल्याचे सांगून ही अट अनुच्छेद १४चा भंग करणारी म्हणून रद्द करण्यात आली. तरुण मुली उतारूंच्या निरनिराळ्या आवडीनिवडींसाठी शोभेच्या वस्तूंसारख्या ठेवाव्यात, हा विचारही न्यायालयाने धिक्कारला. अनुभवी, वयाने मोठ्या स्त्रिया उतारूंची अधिक चांगली काळजी घेऊ शकतात, असे नमूद केले. तरीही याच निकालात तिसऱ्या गरोदरपणानंतर सेवा संपवणारा नियम लोकसंख्यानियंत्रणाच्या दृष्टीने वाजवी ठरू शकेल असे सूचित केलेले आहे. एकच निकालपत्र एका पानावर स्त्रीच्या प्रतिष्ठेची बाजू घेते आणि दुसऱ्या पानावर तिचा विवाह कधी व्हावा हे कंपनीला ठरवू देते. त्यामुळे या खटल्याचा उल्लेख विजय म्हणूनही होतो आणि पराभव म्हणूनही.

परदेशात भरती झालेले व परभाषिक कर्मचारी

नर्गेश मिर्झा खटल्यात आणखी एक तक्रार होती. ब्रिटनमध्ये भरती झालेल्या एअर इंडियाच्या सेविकांना भारतातील जाचक अटी लागू नव्हत्या. ब्रिटनमध्ये १९७५चा लिंगभेदविरोधी कायदा अस्तित्वात आला होता आणि तेथे नोकरी देणाऱ्या कंपनीला तो पाळणे भाग होते. स्थानिक कायदा पाळावा लागतो हे स्पष्टीकरण न्यायालयाने तेव्हा स्वीकारले. परिणाम असा झाला, की भारत सरकारच्या मालकीच्या कंपनीत लंडनच्या सेविकेला जो हक्क होता तो मुंबईच्या सेविकेला नव्हता.

हा प्रश्न १९८७मध्ये ‘लीना खान विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात पुन्हा आला. भारतातील सेविका ३५व्या आणि मुदतवाढ मिळाल्यास ४५व्या वर्षी निवृत्त होत, तर परदेशात नेमलेल्या सेविकांना त्यानंतरही काम करता येई. परदेशातील कायदा पाळतो एवढ्याच सबबीवर भारतीय व परदेशी सेविकांत भेद करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने या वेळी बजावले.

परदेशी भाषा जाणणारे किंवा परदेशात तळ असलेले कर्मचारी ठेवण्याची पद्धत बहुतेक आंतरराष्ट्रीय कंपन्यांत आहे. तिची दोन कारणे आहेत आणि कंपन्या त्यांपैकी पहिलेच सांगतात. आगीची किंवा धुराची सूचना उतारूला कळली नाही तर तिचा उपयोग नसतो. त्यामुळे ज्या मार्गावर ज्या भाषेचे लोक अधिक, त्या भाषेचा निदान एक कर्मचारी असावा, हे सुरक्षेच्या दृष्टीने आवश्यक आहे. मुलांकडे निघालेल्या, इंग्रजी न येणाऱ्या वृद्ध उतारूला आपली भाषा बोलणारे कुणी दिसले की केवढा आधार वाटतो, हे मुंबईहून लांबच्या प्रवासाला गेलेल्यांना सांगावे लागत नाही. दुसरे कारण पैशाचे आहे. स्थानिक पातळीवर, मुदतीच्या करारावर आणि मूळ देशातील संघटनेच्या कक्षेबाहेर नेमलेला कर्मचारी कंपनीला स्वस्त पडतो.

पॅन ॲमने १९८५मध्ये फ्रँकफर्ट ते भारत या मार्गासाठी भारतीय केबिन कर्मचाऱ्यांची भरती केली. मुंबईत वाढलेली नीरजा भनोत त्या भरतीतली. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून कराची व फ्रँकफर्टमार्गे न्यूयॉर्कला निघालेले पॅन ॲमचे ७३ क्रमांकाचे विमान कराचीत दहशतवाद्यांनी ताब्यात घेतले. केबिन कर्मचाऱ्यांनी दिलेल्या इशाऱ्यामुळे वैमानिकांना छतातील मार्गाने बाहेर पडता आले आणि विमान उडवणे अशक्य झाले. दहशतवादी अमेरिकी नागरिकांच्या शोधात आहेत हे ओळखून नीरजा व तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी पासपोर्ट दडवले. उतारूंना बाहेर काढताना नीरजा मारली गेली. तिच्या २३व्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते. तिला मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्या वेळी एअर इंडियातील सेविकांना वयाच्या ३५व्या वर्षानंतर नोकरीत राहण्यासाठी वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर अवलंबून राहावे लागत होते.

अशा कर्मचाऱ्यांना कोणत्या देशाचा कामगार कायदा लागू होतो, हा प्रश्न अन्य देशांतही गाजला. आयरिश कंपनी रायनएअरच्या विमानांत काम करणारे, पण बेल्जियममधील शार्लरुआ येथे तळ असलेले विविध देशांचे कर्मचारी आयरिश कायद्याखालील इंग्रजी करारावर नेमलेले होते. त्यांना बेल्जियमच्या न्यायालयात दाद मागता येईल का, हे ठरवताना कर्मचाऱ्याचा प्रत्यक्ष तळ कुठे आहे याला मोठे महत्त्व द्यावे, असे युरोपीय न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१७ रोजी सांगितले. जर्मनीच्या लुफ्तान्साने करोनाकाळात, जानेवारी २०२१मध्ये, दिल्लीत तळ असलेल्या मुदतकरारावरील शंभरहून अधिक भारतीय कर्मचाऱ्यांना कमी केले. मुदतकरारावर नेमलेल्यांची नोकरी अडचणीच्या काळात किती ठिसूळ ठरते, हे त्यातून दिसले.

संघटनेतील फूट आणि मर्चंट खटला

केंद्र सरकारने १६ ऑक्टोबर १९८९ रोजी एअर कॉर्पोरेशन्स अधिनियमाच्या ३४व्या कलमाखाली निर्देश काढला. स्त्री आणि पुरुष दोन्ही केबिन कर्मचाऱ्यांना ५८ वर्षांपर्यंत नोकरी देण्याचे त्यात होते. आठ वर्षांपूर्वी न्यायालयाने जे दिले नव्हते ते एका आदेशाने मिळाले. पण ते पूर्णपणे मिळाले नाही. २९ डिसेंबर १९८९च्या खुलाशानुसार सेविकांनी ४५व्या वर्षानंतर विमानातून उतरून जमिनीवरील काम करायचे होते. उड्डाणाची ही मर्यादा पुढे ५० झाली. पुरुष ५८पर्यंत उडत राहिले.

बाहेरच्या माणसाला हा फरक क्षुल्लक वाटेल. केबिन कर्मचाऱ्याच्या कमाईचा मोठा भाग उड्डाणभत्ते आणि परदेशातील मुक्कामाचे भत्ते यांचा असतो. विमानातून उतरणे म्हणजे तो भाग गमावणे, आणि वर्षानुवर्षे मिळवलेले कौशल्य बाजूला ठेवून तिकीट-कार्यालयात नव्याने बसणे.

तरीही सर्व सेविकांचे मत एक नव्हते. एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशन या मान्यताप्राप्त संघटनेत पुरुष होते तशा बहुसंख्य कामगार श्रेणीतील सेविकाही होत्या. रात्रीअपरात्रीची उड्डाणे, घरच्या जबाबदाऱ्या आणि शरीरावर पडणारा ताण यांमुळे पन्नाशीत जमिनीवर येण्याची तरतूद यांतील अनेकींना सोयीची वाटत होती आणि संघटनेने व्यवस्थापनाशी तसे करार केले होते. बढती मिळून अधिकारी श्रेणीत गेलेल्या सेविकांना ती तरतूद अपमानास्पद व नुकसानकारक वाटत होती. त्यांनी यशस्विनी मर्चंट व इतर यांच्या नावाने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्या जिंकल्या. स्त्रियांसाठी ५० व पुरुषांसाठी ५८ ही विभागणी लिंगभेद आहे, असे उच्च न्यायालयाने ठरवले.

या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील घेऊन जाणाऱ्यांत केबिन क्रू असोसिएशन ही कामगार संघटनाच होती. ‘एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशन विरुद्ध यशस्विनी मर्चंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाचा निकाल ११ जुलै २००३ रोजी लागला. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. नर्गेश मिर्झा खटल्यातील वेगळ्या वर्गाचे तत्त्व, १९७९ची सरकारी घोषणा आणि बहुसंख्य कर्मचाऱ्यांच्या वतीने झालेले करार, हे तिन्ही आधार घेण्यात आले. सामूहिक वाटाघाटीने मान्य केलेली शर्त अल्पसंख्य गटाला मोडता येत नाही, हा विचार कामगार कायद्यात नवा नाही आणि संघटनांच्या ताकदीचा तो पाया आहे. समानतेचा मूलभूत हक्क मात्र बहुमताने सोडून देता येतो का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर या निकालात सापडत नाही. सेविकांची उड्डाणाची वयोमर्यादा पुढे धोरणाच्या पातळीवर पुरुषांइतकी करण्यात आली.

इन-फ्लाइट सुपरवायझर पदाचा वाद

५ जून १९९७च्या करारानंतर भरती झालेल्या स्त्री-पुरुषांचा संवर्ग एकत्र करण्यात आला. त्यापूर्वी लागलेल्यांच्या दोन शिड्या तशाच राहिल्या. त्यामुळे विमानातील संपूर्ण केबिनचा प्रमुख, म्हणजे इन-फ्लाइट सुपरवायझर, जुन्या कर्मचाऱ्यांपैकी पुरुषच असे. सेविका वेतनश्रेणीने आणि सेवाकाळाने कितीही वर गेली तरी उड्डाणात ती त्याच्या हाताखालीच राही.

२७ डिसेंबर २००५ रोजी एअर इंडियाने आदेश काढून हे काम स्त्रियांनाही खुले केले. १९९७पूर्वी लागलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनी आणि केबिन क्रू असोसिएशनने त्याला आव्हान दिले. जुन्या करारांनी हे पद पुरुषांच्या शिडीत ठेवले आहे आणि आजवर हाताखाली असलेल्या स्त्रियांच्या आज्ञेत आता काम करावे लागेल, हा त्यांचा आक्षेप होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७मध्ये त्यांची याचिका फेटाळली. १७ नोव्हेंबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही, न्यायमूर्ती अल्तमस कबीर यांच्या निकालपत्राद्वारे, कंपनीचा आदेश कायम ठेवला. विमानातील प्रमुखपद हे एक काम आहे, ते कोणाकडे सोपवायचे हे व्यवस्थापन ठरवू शकते, असा त्याचा आशय होता. ज्या वेगळ्या शिड्यांनी तीस वर्षे सेविकांना अडवले, त्यांचा आधार या वेळी पुरुषांना मिळाला नाही.

खासगी कंपन्यांचा काळ

१९९०च्या दशकात खासगी कंपन्या आल्या आणि वादांचे स्वरूप पालटले. विवाह व गरोदरपणाचे प्रश्न मागे पडून नोकरीची शाश्वती हा मुख्य प्रश्न झाला. १५ ऑक्टोबर २००८ रोजी जेट एअरवेजने सुमारे ८०० केबिन कर्मचाऱ्यांना कमी केले आणि आणखी अनेकांना कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतील बहुतेक उमेदवारीच्या काळातले तरुण होते आणि त्यांची संघटना नव्हती. गणवेशातच ते मुंबईच्या विमानतळावर निदर्शनाला आले. त्यांच्यापैकी काही जणांनी राज ठाकरे यांची भेट घेतली आणि कपात मागे घेतली नाही तर जेटची विमाने मुंबईतून उडू देणार नाही, असा इशारा ठाकरे यांनी दिला. दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबरच्या रात्री, अध्यक्ष नरेश गोयल यांनी सर्वांना परत घेत असल्याचे जाहीर केले. हीच कंपनी १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली तेव्हा मात्र परत घेणारे कोणी उरले नव्हते.

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा टाटा समूहाकडे गेली. खासगी मालकीत गेल्यावर तिचे सेवानियम पूर्वीप्रमाणे थेट घटनेच्या कसोटीवर नेण्याचा मार्ग अरुंद झाला आणि कामगार कायदे व सामूहिक वाटाघाटी यांचे महत्त्व वाढले. मे २०२४मध्ये समूहातील एअर इंडिया एक्स्प्रेसच्या शेकडो केबिन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. कंपन्यांच्या विलीनीकरणात आपल्याला समान वागणूक मिळत नाही, मुलाखती वरच्या पदासाठी घेऊन नेमणूक खालच्या पदावर होते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. दीडशेहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीने २५ जणांना कामावरून काढले. ९ मे रोजी दिल्लीत केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांसमोर समझोता होऊन त्या २५ जणांना परत घेण्यात आले आणि रजेवर गेलेले कर्मचारी कामावर रुजू झाले.